एकच पातेलं

"आज मला काढणार आहेत," ओदेत म्हणाली. "बटाटे जरा लहान चीर, पोरी. मोठे राहिले की रेमाँ ते न चावता गिळतो आणि मग सभेत ढेकर देतो."

माझी सुरी थांबली. "काढणार म्हणजे? कुठून?"

"संघातून. आणखी कुठून काढणार? चंद्रावरून?"

पॅरिसला लागून असलेल्या मोंत्रय नावाच्या कामगारवस्तीत, दुसऱ्या मजल्यावरच्या तिच्या स्वयंपाकघरात आम्ही दोघी बसलो होतो. नोव्हेंबर महिना, चौऱ्याहत्तर साल. खिडकीच्या काचांवर आतून वाफ धरली होती. माझ्यापुढे बटाटे आणि लीकच्या जुड्या होत्या. लीक म्हणजे आपल्या कांद्याच्या पातीचा थोरला भाऊ. दर शनिवारी दुपारी सभेआधी आम्ही दोघी सूप करायचो. मी मांस खात नाही म्हणून ओदेत त्यात डुकराची चरबी घालायची नाही, आणि त्यामुळे सूप पाणचट होतं अशी रेमाँची कायमची तक्रार होती.

संघाचं पूर्ण नाव 'आंतरराष्ट्रीय कामगार संघ (पुनर्रचित)'. त्या कंसावरून एके काळी दोन वर्षं भांडण झालं होतं. मी आले तेव्हा संघात साडेसहा माणसं होती. अर्धी मी. मी उमेदवार सभासद असल्यामुळे मला मत देता येत नसे. फ्रेंच शिकायला शिष्यवृत्तीवर आलेली रत्नागिरी जिल्ह्यातली मुलगी अशा ठिकाणी कशी पोचली, असं माझी नातवंडं विचारतात तेव्हा मी काहीतरी वैचारिक सांगते. खरं कारण असं की माझ्या माळ्यावरच्या खोलीत शेगडी नव्हती आणि ओदेतच्या घरात होती.

सुरक्षिततेसाठी प्रत्येकाला गुप्त नाव असे. माझं 'मारी'. अख्ख्या मोंत्रयमध्ये साडीवर ओव्हरकोट घालून हिंडणारी मी एकटी, पण पोलिसांना माझी ओळख पटू नये म्हणून मी मारी. शिवाय संघात सगळ्यांनी एकमेकांना अरे-तुरे करायचं असा दंडक होता. साठी ओलांडलेल्या गास्ताँला 'तू' म्हणताना माझी जीभ पहिले कित्येक महिने अडखळायची.

गास्ताँ म्हणजे ओदेतचा नवरा आणि संघाचा सचिव. जन्मभर एका छापखान्यात मुद्रितं तपासलेला माणूस. उंच, वाकलेला, जाड चष्म्याचा. घरातली भांडी तो घासायचा, कारण स्त्रीमुक्तीचा ठराव त्यानंच मांडला होता आणि स्वतःचा ठराव मोडणं त्याच्या रक्तात नव्हतं.

"पण तू केलंस काय?" मी विचारलं.

"भावाला सूप दिलं."

तिचा भाऊ म्हणजे मार्सो. त्याचं नाव त्या घरात कोणी घेत नसे. तो छपरांवर जस्ताचे पत्रे बसवायचा. गास्ताँचा शाळेपासूनचा मित्र, त्याच्याच ओळखीनं गास्ताँ-ओदेतचं लग्न झालेलं. सहा वर्षांपूर्वी, मे महिन्यात, सगळं पॅरिस रस्त्यावर उतरलं होतं तेव्हा आमचा संघ याच स्वयंपाकघरात दारं लावून बसला होता. विषय होता, 'सध्याची परिस्थिती क्रांतिकारी म्हणता येईल का?' चर्चा तिसऱ्या दिवशीही चालू होती. बाहेरून आरडाओरडा ऐकू येत होता म्हणून कोणीतरी उठून खिडकी लावून घेतली. तेव्हा मार्सो खुर्ची सरकवून उभा राहिला आणि म्हणाला, "कॉम्रेड्स, तुमचं चालू द्या. मी जरा बघून येतो."

तो परत आला नाही. विषय अपुरा असताना परवानगीशिवाय सभात्याग केल्याबद्दल त्याला एकमतानं काढलं. संघाचा निर्णय होईपर्यंत बाहेर रस्ते झाडून झाले होते.

"मार्सोला छातीचं दुखणं आहे," ओदेत म्हणाली. "डॉक्टर म्हणतो, नाताळ बघितला तर नशीब. त्याला माझ्या हातचंच लागतं. हॉस्पिटलातलं सूप म्हणजे भांडी विसळलेलं पाणी म्हणाला आणि घरी परत आला. मी रोज दुपारी नेऊन देते. परवा दिदिएनं मला त्याच्या जिन्यात पाहिलं."

"गास्ताँला माहीत होतं?"

"त्यानं कधी विचारलं नाही." तिनं लीकच्या चकत्या पातेल्यात लोटल्या. "नववा नियम माहितीये ना तुला? बहिष्कृताशी जो अन्न, निवारा किंवा छपाईयंत्र वाटून घेईल, तोही बहिष्कृत. हा नियम कोणी लिहिला? माझ्या नवऱ्यानं. याच टेबलावर. मीच कॉफी करून दिली होती. आता मला काढलं की त्याला माझ्याशी बोलता यायचं नाही, माझ्याबरोबर जेवता यायचं नाही. आणि तो नियम मोडणार नाही. तुला ठाऊक आहे तो."

"मग तू सूप देणं थांबवशील?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा बटाटे चिरायला लागले.

थोड्या वेळानं मंडळी जमली. रेमाँ पोस्टमन होता. पहाटे उठायची सवय असल्यामुळे तो सभेत झोपायचा आणि मतदानाच्या वेळी अचूक जागा व्हायचा. विद्यापीठातली एक प्रेमी जोडी होती, ती दोघं नेहमी एकच मत देत. त्यांचं बिनसेल त्या दिवशी संघात दोन गट पडतील अशी सगळ्यांना धास्ती होती. शेवटी आला दिदिए. शाळेत तत्त्वज्ञान शिकवणारा, तिशीतला, आमचा विचारवंत. सूपामुळे सभेला घरगुती, मध्यमवर्गीय वळण लागतं असं त्याचं ठाम मत होतं. म्हणून तो येताना कोटाच्या खिशातून उकडलेलं अंडं आणायचा आणि आपलं आपण सोलून खायचा. मीठसुद्धा कागदाच्या पुडीत स्वतःचं आणायचा.

ओदेतनं सगळ्यांना सूप वाढलं. दिदिएनं हात आडवा धरला आणि अंडं टेबलावर टकटक आपटून फोडलं.

"विषय तिसरा आधी घ्यावा," तो म्हणाला.

"का?" ओदेतनं विचारलं. "विषय पहिला, जागतिक परिस्थिती. मी सभासद असेपर्यंत जगात काय चाललंय ते मला ऐकायचंय."

त्यामुळे जागतिक परिस्थिती झाली. मग कारखान्याच्या फाटकावर आमचं वर्तमानपत्र विकण्याचा विषय झाला. विक्री घटली होती, कारण आमच्याकडून नेमानं अंक घेणारा फाटकावरचा पहारेकरी निवृत्त झाला होता. मग गास्ताँनं चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि कागदाकडे बघत म्हणाला, "विषय तिसरा. कॉम्रेड ओदेत."

दिदिए उभा राहिला. साडेसहा माणसांत उभं राहायची गरज नव्हती.

"कॉम्रेड ओदेत, तू बहिष्कृत मार्सोला अन्न पुरवतेस हे खरं आहे?"

"पुरवत नाही. खायला घालते."

"किती काळापासून?"

"तो चार वर्षांचा होता तेव्हापासून. आमची आई कारखान्यात जायची."

जोडीतली मुलगी खुदकन हसली आणि तिच्या मित्रानं तिला कोपर मारलं.

"हा विनोदाचा विषय नाही," दिदिए म्हणाला. "व्यक्ती म्हणून मला कॉम्रेड ओदेतबद्दल आदर आहे. पण आज भाऊ म्हणून सवलत दिली तर उद्या मेहुणा येईल, परवा साडू येईल. संघटना अशीच सडते. नववा नियम स्पष्ट आहे. आणि त्याचे परिणामही स्पष्ट आहेत." तो गास्ताँकडे बघत नव्हता. "बहिष्कारानंतर कॉम्रेड सचिव आणि... आणि ही बाई एका घरात राहू शकणार नाहीत. निदान एका टेबलावर बसू शकणार नाहीत. मी एक व्यवहार्य सूचना मांडतो. घराची विभागणी करावी. तिला स्वयंपाकघर, त्याला झोपायची खोली."

रेमाँ जागा झाला. "आणि संडास?"

"संडास जिन्यात आहे," गास्ताँ हळूच म्हणाला. "तो सगळ्या मजल्याचा आहे."

"म्हणजे तिथे दोघांची गाठ पडू शकते."

"रांगेत," रेमाँ म्हणाला, आणि पुन्हा डोळे मिटले.

मला हसू यायला हवं होतं, पण मी गास्ताँच्या हातांकडे बघत होते. चमचा त्यानं सूपात घातला होता आणि तो तसाच ढवळत होता, एकही घोट न घेता. त्यानं नियम बदलला असता तर सगळे मान डोलावून मोकळे झाले असते, दिदिए सोडून. पण नियम बदलायला अधिवेशन लागतं, अधिवेशनाला तीन महिन्यांची सूचना लागते, आणि मार्सोकडे तेवढे दिवस नव्हते. हे सगळं त्याच्या चेहऱ्यावर छापल्यासारखं वाचता येत होतं.

"कोणाला बोलायचं आहे?" त्यानं विचारलं.

मी हात वर केला. उमेदवार सभासदानं बोलायचं नाही असं कुठे लिहिलेलं नव्हतं. तसं याआधी कोणी केलं नव्हतं एवढंच.

"आमच्या गावात," मी म्हणाले, "माझ्या बाबीकाकाला वाळीत टाकलं होतं."

'वाळीत टाकणं' याला फ्रेंचमध्ये शब्द सापडेना. मी सांगितलं की गावातले पंच बसतात, ते ठरवतात, आणि मग त्या माणसाच्या घरी कोणी जायचं नाही, त्याच्या हातचं पाणी प्यायचं नाही, त्याला विस्तव द्यायचा नाही. जो देईल तोही वाळीत.

"नववा नियम," रेमाँ डोळे मिटूनच म्हणाला.

"त्याचा गुन्हा काय होता?" जोडीतल्या मुलीनं विचारलं.

"वेशीबाहेरच्या वस्तीतल्या लग्नात तो पंगतीला बसून जेवला. तिथले लोक आणि गावातले लोक एकत्र जेवत नसत. काका जेवला आणि वर दुसऱ्यांदा भात मागून घेतला. पंचांना त्या दुसऱ्या भाताचा जास्त राग आला."

"हे सरंजामी अवशेषांचं उदाहरण आहे," दिदिए म्हणाला. "आपल्या विषयाशी संबंध नाही."

"पुढे काय झालं?" गास्ताँनं विचारलं. त्याचा चमचा थांबला होता.

"दसऱ्याला आमच्या देवळात सगळ्या घरांचे नारळ फोडतात आणि खोबरं एकाच टोपलीत मिसळून प्रसाद वाटतात. काकानं आपला नारळ कसा कोण जाणे त्या ढिगात सरकवला. सगळ्यांनी प्रसाद खाल्ला. पंचांनी खाल्ला, पंचांच्या आईनं खाल्ला, वाळीत टाकायचा ठराव ज्यानं लिहिला त्यानं दोनदा खाल्ला. मग काकानं देवळाच्या पायरीवर उभं राहून सांगितलं, की मंडळी, माझाही नारळ त्यात होता. आता कोणी कोणाला वाळीत टाकायचं ते ठरवा."

"आणि?"

"पंच तीन दिवस बसले. शेवटी त्यांनी निर्णय दिला की नारळाला जात नसते."

खाली रस्त्यावरून कोळशाची गाडी गेली. दिदिए अंड्याची टरफलं बोटानं एका बाजूला गोळा करत होता.

"कॉम्रेड मारीचे आभार," तो म्हणाला. "आता मतदान."

"थांबा," ओदेत म्हणाली.

ती शेगडीपाशी उभी होती. डाव हातात होता. तिनं तो पातेल्याच्या काठावर दोनदा आपटून निथळला, जसा ती नेहमी निथळायची.

"मला खुलासा करायचा आहे. दिदिए, तू मघापासून म्हणतोयस की मी त्याला अन्न देते. कुठलं अन्न, ते विचारलं नाहीस. हेच. मी रोज एकदाच सूप करते. त्यातलं त्याला नेते, उरलेलं आम्ही खातो. शनिवारी तुम्ही खाता. माझ्या घरात पातेलं एकच आहे."

सगळ्यांनी आपापल्या ताटलीत पाहिलं. मीसुद्धा पाहिलं. रेमाँची ताटली चाटूनपुसून स्वच्छ होती. त्यानं एक डोळा उघडला.

"म्हणजे किती दिवस खातोय आपण हे?"

"सहा वर्षं," ओदेत म्हणाली. "आधी दर शनिवारी नेत होते. आता रोज."

"हा तर्कट युक्तिवाद आहे!" दिदिएचा आवाज चढला. "नियमाचा हेतू..."

"नियमात हेतू लिहिलेला नाही," गास्ताँ म्हणाला. "मी लिहिलाय तो. 'अन्न वाटून घेईल' एवढंच आहे."

"पण ती म्हणते म्हणून? एकच पातेलं कशावरून?"

ओदेत नवऱ्याकडे बघत नव्हती. शेगडीची ज्योत कमी करत होती, आणि ती ज्योत आधीच विझली होती. गास्ताँनं चष्मा काढला. छापखान्यात एका स्वल्पविरामासाठी मालकाशी भांडलेला माणूस तो. सभेत त्यानं कधी एक आकडा फुगवून सांगितला नव्हता, अंक बारा विकले तर बाराच म्हणायचा.

माझ्याही नकळत मी त्याला 'तुम्ही' म्हणाले. "गास्ताँ, तुम्ही सांगा."

"या घरात भांडी मी घासतो," तो म्हणाला. "पातेलं एकच आहे."

मग त्यानं चमचा उचलला आणि गार झालेलं सूप सगळं, तळाशी असलेल्या बटाट्यासकट, आमच्यादेखत संपवलं. तोंड पुसलं.

"नवव्या नियमाला मतदान लागत नाही. तो आपोआप लागू होतो. कॉम्रेड रेमाँ, तू बहिष्कृत. तुम्ही दोघं बहिष्कृत. ओदेत बहिष्कृत. मी बहिष्कृत. मारी..." तो थबकला. "उमेदवाराला काढण्याची तरतूद नाही."

"मी राजीनामा देते," मी म्हणाले.

"आभार. कॉम्रेड दिदिए, तू सूप घेतलंस का कधी?"

दिदिएच्या हातात अंड्याचा शेवटचा तुकडा होता. त्या खोलीत सोवळ्यात असलेला एकटा तोच. "कधीच नाही," तो म्हणाला. आवाजात अभिमान होता, आणि वाक्य संपता संपता तो थोडा कमी झाला.

"मग सचिवपद तुझ्याकडे." गास्ताँनं संघाचा शिक्का त्याच्यापुढे सरकवला. "छपाईयंत्र पलंगाखाली आहे. सोमवारी येऊन घेऊन जा. निरोप मात्र दुसऱ्या कोणाकडून तरी पाठव, आपल्याला आता बोलता यायचं नाही."

तो उठला, मोरीखालचं कपाट उघडलं आणि आतून झाकणाचं एक लहान पातेलं काढलं. त्याच्या मागे आणखी एक होतं, निळ्या कडीचं. मी ते शंभरदा पाहिलं होतं. ओदेत त्यात दूध तापवायची. गास्ताँनं शांतपणे लहान पातेल्यात सूप ओतलं आणि झाकण लावलं.

"कॉम्रेड!" दिदिए ओरडला. "ते काय आहे?"

गास्ताँनं कोट चढवला. ओदेतचा कोट खुंटीवरून काढून तिच्यापुढे धरला. "ओदेत," तो म्हणाला, "मला कोणीतरी हाक मारल्यासारखं वाटलं."

"वारा असेल," ओदेत म्हणाली. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते, पण बाहीत हात घालताना तो दोनदा चुकला.

आम्ही जिना उतरायला लागलो तेव्हा मागून दिदिएचा आवाज ऐकू आला. उर्वरित सर्व सभासद हजर असल्यामुळे गणसंख्या पूर्ण आहे, असं तो जाहीर करत होता. मग म्हणाला, "विषय चौथा. पुढच्या सभेची तारीख." दिदिएनं पुढे कितीतरी वर्षं तो संघ चालवला. कंसात आणखी एक शब्द वाढला असं ऐकलं. म्हणजे एकट्याच्या संघातही फूट पडली असावी.

रेमाँ आणि ती जोडी कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानात शिरली. मला ओदेतनं दंडाला धरून बरोबर घेतलं. माझी बहुधा तिला गरज नव्हती, पण पाव माझ्या हातात होता. वाटेत दोघं एकमेकांशी बोलली नाहीत. बहिष्कृत झालेल्यांनी एकमेकांशी बोलायला हरकत नसते, पण सवय व्हायला वेळ लागतो. एकदाच ओदेत म्हणाली, "निळं पातेलं तरी पुढे यायला नको होतं."

"मी मागे ढकलत होतो," गास्ताँ म्हणाला. "ते पुढे आलं."

मार्सोची खोली सहाव्या मजल्यावर होती. चौथ्या मजल्यावर गास्ताँ थांबला, धाप लागल्याचं सांगितलं आणि कठड्याला धरून बराच वेळ खाली बघत राहिला. ओदेतनं पातेलं घ्यायला हात पुढे केला. त्यानं दिलं नाही.

दार नुसतं लोटलेलं होतं. ओदेत रोजच्यासारखी आत गेली, खिडकीचा पडदा सारखा केला, उशी थापटली. मार्सो उशांना टेकून बसला होता. माणूस संपत आला होता, पण हात अजून मोठे होते, पत्रे वाकवणारे. खिडकीतून जस्ताची राखाडी छपरं दिसत होती, लांबपर्यंत. गास्ताँ उंबऱ्यातच उभा राहिला, पहिल्यांदा सासुरवाडीला आलेल्या जावयासारखा, दोन्ही हातांत पातेलं धरून. त्याला आत यायला सुचेना.

मार्सोनं मान वळवली.

"संपली का सभा?" त्यानं विचारलं.

गास्ताँ आत आला. "संपली."

"लांबली बरीच."

"विषय जास्त होते."

"मग? काय ठरलं शेवटी?" मार्सोला खोकला आला. ओदेतनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्यानं तो बाजूला केला. "होती का परिस्थिती क्रांतिकारी?"

खोलीत खुर्ची एकच होती आणि तिच्यावर कपडे होते. गास्ताँ पलंगाच्या कडेवर टेकला. पातेलं मांडीवर घेऊन त्यानं झाकण काढलं. वाफेनं त्याच्या चष्म्याच्या काचा पांढऱ्या झाल्या. त्यानं त्या पुसल्या नाहीत.

"नाही ठरलं," तो म्हणाला. "तू बघून येतो म्हणाला होतास ना? सांग. काय काय पाहिलंस?"